उन्हातली ओल

१

रविवारची माझी वाट ठरलेली असायची. सकाळच्या एसटीनं हिंगोली सोडायची, सेनगावात गाडी बदलायची, साखऱ्याच्या पुढं आमच्या फाट्यावर उतरायचं आणि घराकडं न वळता सरळ रानात शिरायचं. गावाचं नाव सांगत नाही. ते नाव घेतलं की तोंड कडू होतं, आणि तुम्हाला त्याचा उपयोगही नाही.

मी वैष्णवी. हिंगोलीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात दगडफुलांचा अभ्यास करते. दगडफूल म्हटलं की लोकांना काळा मसाला आठवतो. मसाल्यात पडतं ते बाजारातलं, लांबच्या घाटांतून आलेलं. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघांनी मिळून थाटलेलं घर. बुरशी आसरा देते, शेवाळ उन्हातून अन्न करतं. त्याला मुळं नसतात. जे पाणी मिळतं ते हवेतून. हवा कोरडी पडली की तेही कोरडं पडतं, बोटानं चुरा होतो इतकं. पण मरत नाही. पाऊस येईपर्यंत तसंच थांबून राहतं.

आमच्या जिल्ह्यात पाऊस थोडा आणि ऊन फार, त्यामुळं अशी दगडफुलं जवळजवळ नाहीतच. सालईच्या झाडाची साल पापुद्र्यांनी सुटते, तिच्यावर ती टिकत नाहीत. उघड्या माळावर करपून जातात. पण आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक खोरं आहे. मधून नाला, दोन्ही काठांवर जुने मोह आणि जांभळं, दिवसभर सावली. तिथं मला एक जात सापडली होती. राखाडी-हिरवी, आणि कडेला बारीक काळे केस. जिल्ह्यात दुसरीकडं कुठंच ती मला दिसली नाही. खोडाच्या उत्तरेच्या बाजूला, जिथं ऊन लागत नाही, तेवढीच ती वाढायची.

हे काम मी एकटी करत नव्हते. पुजावहिनी सोबत असायची. माझ्या मोठ्या भावाची, विश्वंभरदादाची बायको. सरपण आणायच्या निमित्तानं ती यायची आणि मोजपट्टीचं दुसरं टोक धरायची. घरात तिचा आवाज कुणी ऐकला नसेल, पण खोऱ्यात शिरली की तिचं तोंड थांबायचं नाही.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात पुजावहिनी नाहीशी झाली.

मी परीक्षेच्या कामात होते. फोन आला तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. पळून गेली. आबांनी, म्हणजे माझे वडील उकंडराव पाटील यांनी, तिला पिशवी घेऊन सकाळच्या एसटीत बसताना बघितलं होतं. उकंडराव पाटलांनी बघितलं म्हटल्यावर गावात पुढं कोण बोलणार? त्या दिवसांत एसटीचा संप चालू होता. आमच्या फाट्यावर कितीतरी दिवस गाडी आलीच नव्हती. हे मी ठाण्यात जाऊन सांगितलं. टेबलामागच्या माणसानं जांभई दिली. म्हणाला, "मग काळी-पिवळी असंल, ताई. नवऱ्याची तक्रार न्हाई, सासऱ्याची न्हाई, तुम्हालाच काहून एवढी तकलीफ होऊन राहिली?"

हा प्रश्न मी आजही विसरलेले नाही.

२

या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. पानगळ होऊन रान उघडंबोडकं झालं होतं. नाला आटला होता. पाय ठेवावा तिथं पाचोळा कुरकुरत होता आणि हवेत ओलाव्याचा थेंब नव्हता. अशा दिवसांत दगडफुलं करड्या कागदासारखी होतात. मी जाऊन त्यांची मापं घेत होते. वाढ काहीच नसते, पण मापं घ्यावी लागतात. वर्षाला एखाददुसरा मिलिमीटर वाढणारी वस्तू आहे ती.

खोऱ्याच्या तोंडाशी एक मोठा मोह आहे. त्याच्या उत्तरेकडचे जुने ठिपके सुकून वळले होते. मी झाडाला वळसा घालून पलीकडं गेले आणि थांबले.

दुसऱ्या बाजूलाही एक होतं. तळव्याएवढं. मागच्या खेपेला ते तिथं नव्हतं.

ती बाजू नैर्ऋत्येची. दुपारचं सगळं ऊन तिच्यावर पडतं. तिथं दगडफूल जगणारच नाही, आणि हे तर हिरवंगार होतं. बोट लावलं. मऊ लागलं. ओलं लागलं.

मी वर बघितलं. झाडाला कुठं ढोली असेल, रस गळत असेल. काही नव्हतं. साल वरपासून खालपर्यंत खडखडीत. रुमालानं पुसून कोरडं केलं आणि उन्हात उभी राहून बघत राहिले. थोड्या वेळानं ते पुन्हा ओलं झालं. पाणी कुठून आलं नाही. घाम फुटावा तसं आतूनच आलं. परत हात लावला तेव्हा ते कोमटही आहे हे लक्षात आलं. मी हात झटकन मागं घेतला आणि मग स्वतःवरच चिडले. उन्हात असलेली वस्तू कोमट नसेल तर काय थंड असेल? चाकूनं एक तुकडा काढून कागदाच्या पुडीत घातला.

निघताना मागं वळून बघितलं. त्या बाजूनं रान उघडं आहे. मोहाच्या समोर माळ, माळाच्या खाली आमचं शेत, शेतापलीकडं आमच्या घराचं पत्र्याचं छप्पर. ते दगडफूल बरोबर त्या छपराच्या रोखानं होतं.

३

घरी अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातली होती. माय, म्हणजे माझी आई शालूबाई, फावड्यानं ती वरखाली करत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "इश्वंभरसाठी एक पोरगी बघितली. वसमतची हाय. तिचंबी पयलं लगीन मोडलेलं."

"आणि पुजावहिनी?"

"हळू बोल, पोरी."

"काहून हळू? घटस्फोट झाला का? की ती मेल्याचं कुठं कळलं?"

ओसरीवरून आबांचा आवाज आला. "देवळात हार घालायचेत. त्याला कागद लागत न्हाई. गेलेल्या बाईचं नाव या घरात घ्यायचं न्हाई, किती बार सांगायचं?"

दादा खांबाला टेकून बसला होता. पूर्वी अंगानं भरलेला होता, आता गालफडं बसली होती. उजव्या हाताच्या नखांत काहीतरी राखाडी अडकलेलं होतं. मी बघते आहे हे कळताच त्यानं मूठ वळली.

"तुझी तब्येत बरी नाही का, दादा?"

"झोप लागत न्हाई," तो म्हणाला, आणि उठून आत गेला. दार लावल्याचा आवाज आला. भर दुपारी आपल्याच घरात आतून कडी.

सोमवारी कॉलेजात तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पुडी ओली झाली होती, तरी मनाला सांगितलं की रस असेल, वेगळी जात असेल, काहीतरी असेल. काचेखाली सगळं पुस्तकातल्यासारखं दिसलं. बुरशीच्या पांढऱ्या तारा, त्यांत अडकलेले शेवाळाचे हिरवे मणी, वरची साल, खालची साल. कुठंही काही चुकलेलं नव्हतं. मी डोळा काढला आणि मला इतका राग आला की टेबलावर हात आपटला. निदान ते वेगळं तरी असायला हवं होतं.

४

पुढच्या रविवारी मोहापर्यंत जावंच लागलं नाही.

रानाच्या कडेला अंजनाचं एक जुनं झाड आहे. त्याच्यावर होतं. तिथून खाली माळावरच्या बोरीवर होतं. मग आमच्या बांधावरच्या बाभळीवर, जिथं सावलीचा पत्ता नाही. मग विहिरीच्या कठड्यावर. मग शेतातल्या विजेच्या सिमेंटच्या खांबावर, आणि खांबाच्या वरच्या तारा उन्हानं नुसत्या लकाकत होत्या. सगळी एकाच मापाची, सगळी ओली, सगळी घराच्या बाजूनं.

मी प्रत्येकापाशी थांबले. कारणं शोधायची मला सवय आहे. वाऱ्यानं बीजाणू येतात, पक्ष्यांच्या पायांना तुकडे चिकटतात, माणसांच्या कपड्यांना लागतात. पण असं आलेलं दगडफूल टाचणीच्या टोकाएवढं व्हायला हंगाम जातो. आणि वारा कधी एका रेषेत पेरत नाही.

बाभळीपाशी मला दुसरी गोष्ट दिसली आणि मग ती डोळ्यांसमोरून हलेना. सगळ्यांची उंची एक होती. जमिनीपासून माझ्या खांद्याच्या जरा खाली. मी बाभळीच्या मागं गेले, रानाच्या बाजूला. काट्यांतून वाट काढत खोडाला चिकटून उभी राहिले आणि पलीकडं घर बघायला मान काढली. तोल जाऊ नये म्हणून हात आपोआप खोडाला वेढून पुढं गेला.

तळवा ओल्यावर पडला.

झाडाआड उभं राहून घराकडं बघणाऱ्या बाईचा हात जिथं पडतो, तिथंच ते होतं. मी हात काढून घेतला, साडीला पुसला, पुन्हा पुसला. ऊन टाळूवर होतं आणि माझे दात वाजत होते. पण त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी उकळत होतं. दोन वर्षं ही माणसं मला वेडी म्हणत होती. पुजावहिनीच तर इथून उभी राहून बघत होती, इतक्या जवळून, आणि घरात लग्नाची बोलणी चालली होती.

फाटकाचा लाकडी खांब मी मुद्दाम बघितला. त्याच्यावरही होतं. फाटकाच्या आत, हळदीच्या ढिगाकडं तोंड करून.

५

वसमतची माणसं घर बघायला आली त्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. मायनं नको म्हटलं होतं, म्हणूनच गेले.

पोरीचं नाव प्रियंका. सोबत तिचा मामा होता. तिनं मान खाली घातली नाही, पदरही सावरत बसली नाही. पोह्यांची बशी खाली ठेवून सरळ आबांना म्हणाली, "पहिलीचं काय झालं, ते मला कोणी धड सांगून नाही राहिलं."

"पळाली," आबा म्हणाले. "म्या सोताच्या डोळ्यानं बघितलं, गाडीत बसताना."

"संप होता तेव्हा," मी म्हणाले.

मामानं माझ्याकडं बघितलं. आबा हसले. "पोरगी शिकलेली हाय आमची. झाडाची बुरशी बघून बघून डोकं तिकडंच गेलंय तिचं."

दादा मघाशी पान आणतो म्हणून उठला होता, तो आलाच नव्हता. बोलणं थांबलं तसा आतून एक आवाज ऐकू आला. खर्र. खर्र. दगडावर लोखंड घासल्यासारखा, पण हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

"उंदरं झालीत लई," माय म्हणाली. ती घाईघाईनं कपबशा गोळा करायला लागली.

"ताई, मला घर दाखवता?" प्रियंकानं विचारलं आणि ती उठलीसुद्धा.

दादाच्या खोलीला आतून कडी होती. मी हाक मारली नाही. ती कडी जुनी आहे, खांद्यानं दाबलं की सुटते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दार उघडलं आणि आतून थंड, कुबट वास आला. बंद विहिरीचा येतो तसा.

दादा खाटेमागं गुडघ्यांवर बसला होता. नवा पांढरा शर्ट, हातात खुरपं. मागच्या महिन्यातच त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. त्या गिलाव्यावर, खाटेच्या उशाशी, दगडफुलं दाटीनं उगवली होती. एकमेकांवर चढलेली, हिरवी, ओली. खाली फरशीवर खरवडून काढलेल्याचा ढीग होता. त्यातलं खालचं वाळून काळं पडलं होतं, वरचं ताजं होतं. एका दिवसाचं ते काम नव्हतं.

"भिंतीला ओल आली," दादा म्हणाला.

"एप्रिलात?" प्रियंकानं विचारलं.

तो तिच्याकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता. लहानपणी माझ्याकडून काही हवं असलं की असाच बघायचा.

"वैशू, तुझं ऐकत होती ती," तो म्हणाला. "तू सांग तिला. म्हणावं, लई झालं आता. भिंत सोड."

भिंतीवरून एक थेंब ओघळला आणि त्या ढिगात पडला.

"कोण?" प्रियंकाचा आवाज बारीक झाला होता. "कोणाला सांगायचं?"

"म्या न्हाई म्हणलो गाडीचं," दादा घाईघाईनं म्हणाला. "गाडीचं आबानं काढलं. मला म्हणले, तू काहीच बोलू नको, मी बघतो. मंग म्या काहीच बोललो न्हाई. त्या दिवसापासून काहीच बोललो न्हाई."

प्रियंका एक एक पाऊल मागं सरकत दारातून बाहेर गेली. ओसरीवर जाऊन तिनं मामाला फक्त "चला" म्हटलं. मामानं काय झालं असं विचारलं तर म्हणाली, "चपला घाला आधी."

मला तिचा हेवा वाटला. तिला उठून जाता येत होतं.

६

गाडीची धूळ खाली बसायच्या आत आबा माझ्यावर धावून आले. त्यांनी हात उचलला, पण मी जागची हलले नाही, तेव्हा तो तसाच वर राहिला.

"घराचं वाटोळं केलंस."

"कुणी केलं, आबा? सांगा ना. कुणी केलं?"

"नवरा-बायकोच्या भांडणात व्हतं असं. लेकराचं आयुष्य नासवायचं का त्यासाठी?"

"लेकरू? आणि ती कुणाचं लेकरू होती? तिचा बाप जळबा दर सणाला या फाटकाशी येऊन बसत होता. तुम्ही त्याला पाणी देऊन, पोरगी बदफैली निघाली म्हणून परत पाठवत होतात. पाणी देताना हात कापले नाहीत तुमचे?"

माय मधे पडली, तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मला तिचाही राग आला. रडणं तिला येत होतं, दोन वर्षांत एक शब्द बोलणं आलं नव्हतं.

तेवढ्यात दादा खोलीतून बाहेर आला. खुरपं हातातच होतं. आमच्या मधून, आम्ही तिथं नसल्यासारखा, तो फाटकाकडं गेला.

"कुठं निघाला?" आबांनी विचारलं.

"मुळातून काढतो," तो म्हणाला. "हितं खरवडून काय फायदा न्हाई."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला दोनदा हाक मारली. तो थांबला नाही. मग त्यांनी माझा दंड धरला आणि मी तो हिसडून सोडवला. दादाला अडवायला मी त्याच्या मागं गेले नाही. मला जागा बघायची होती.

७

दुपार कलली होती, तरी ऊन तापलेलंच होतं. गावाकडून रानाकडं चालत गेलं की झाडांची घराकडची बाजू समोर येते. त्यामुळं खांब, कठडा, बाभूळ, बोर, अंजन, एकेकावरचं ते ओलं हिरवं आम्हाला येताना बघत होतं. दादा मान खाली घालून चालत होता. त्यानं एकदाही डोळे वर केले नाहीत. कुठं काय आहे हे त्याला बघायची गरजच नव्हती.

तो मोहापाशी थांबला. मी नाल्याच्या काठावरच राहिले.

तो गुडघ्यांवर बसला आणि बुंध्याशी, जमिनीला लागून खरवडायला लागला. खर्र. खर्र. मग दोन्ही हातांनी, जोर लावून. मोहाची फुलं खाली पडून कुजत होती, त्यांचा गोडसर, नशेचा वास येत होता. मी मनात मोठ्यानं बोलत होते. ही जागा. सगळ्यांनी मिळून मला वेडी ठरवलं, आणि मी इथंच दर रविवारी पट्टी धरून बसत होते. या मुळांवर डबा उघडून भाकरी खाल्ली आहे मी.

दादा एकदम थांबला. खुरपं बाजूला पडलं. त्यानं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले.

खरवडायचा आवाज चालूच होता.

मला आधी वाटलं, घुमतो आहे. खोऱ्यात आवाज घुमतो. मग वाटलं, सुतारपक्षी असेल. मी कारणं मोजत उभी राहिले आणि आवाज आपला संथपणे येत राहिला, मोहाच्या पलीकडून, उत्तरेच्या बाजूनं, जिथलं मला काही दिसत नव्हतं. रोजचं काम करणारी बाई जशी घाई करत नाही, तसा.

मग मी खोडाकडं बघितलं.

ते दगडफूल नेहमीच्या जागी होतं, खोडाला वेढून आलेलं. वारा नव्हता. फांदीवरचं वाळलं पानही हलत नव्हतं. पण त्याच्या कडेचे काळे केस हलले. मग कड उचलली गेली. नीट पकड घ्यायला माणूस हात उचलतो तसं ते सालीवरून सुटं झालं आणि थोडं पुढं, दादाच्या दिशेनं, पुन्हा सालीवर टेकलं.

माझ्या तोंडून निघालं, "वहिनी."

खरवडणं थांबलं.

ती शांतता मी सांगू शकत नाही. कुणीतरी हातातलं काम थांबवून, पुढं काय म्हणते म्हणून ऐकत असावं, तशी ती होती.

दादानं वर बघितलं नाही. कान दाबलेले, कपाळ मातीला टेकलेलं. "सांग तिला," तो म्हणाला. "वैशू, सांग. तुझं ऐकंल."

शब्द आले तेव्हा ते धड आले.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले.

आणि वळून चालायला लागले. माळ अर्धा ओलांडला तेव्हा मागून आवाज पुन्हा सुरू झाला. आता खालून येत होता, जमिनीतून. दादाचा आवाजही त्यात होता. तो ओरडत नव्हता. कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत होता, एकामागून एक.

८

त्याच संध्याकाळी तो अनवाणी पायांनी ठाण्यात गेला. कुणी नेला नाही, कुणी सांगितलं नाही. त्याचा शर्ट पाठीकडून चिंब होता असं तिथल्या शिपायानं गावात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोहाच्या मुळाशी खणलं. ती तिथं होती.

जळबा आले होते. खणणारे लोक बाजूला झाले तेव्हा त्यांनी उभं राहून एकदा खड्ड्यात बघितलं, मग वळून माळाखालच्या आमच्या छपराकडं बघितलं. "इतक्या जवळ व्हती?" एवढंच ते म्हणाले. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या हातानं मला जेवढं रडवलं तेवढं कशानंच नाही.

दादानं जबाबात सांगितलं की भांडण झालं, ती पडली, डोकं आपटलं. कशावरून भांडण, कशी पडली, हे त्यानं सांगितलं तसं कागदावर आलं, आणि मला त्यातल्या अर्ध्यावर विश्वास नाही. पण एक मात्र मला नीट कळलं. त्यानं आबांचं नाव कुठंच घेतलं नाही. गाडीची गोष्ट आपणच रचली, आबा भोळे, ते आपल्या सांगण्यावरून बोलले, असं तो म्हणाला. मी जाऊन खरं ते सांगितलं. टेबलामागं या वेळी दुसरा माणूस होता. त्यानं जांभई दिली नाही. म्हणाला, "पोरानं कबूल केलंय ना, ताई. म्हाताऱ्याला कशाला?"

मे महिन्यात मायसाठी म्हणून एकदा घरी गेले. आधी रानात जाऊन आले. अंजनावरचं, बोरीवरचं, बाभळीवरचं सगळं वाळून चुरा झालं होतं. बोट लावलं की गळत होतं. मोहावर काहीच उरलं नव्हतं. दादाच्या खोलीची भिंत कोरडी ठणठणीत होती.

आबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. लोक त्यांना धीर द्यायला येत होते. पोरानं नाव घालवलं, म्हाताऱ्याच्या वाट्याला काय आलं बघा, असं म्हणत होते, आणि ते मान हलवत होते. माणसं गेल्यावर मला म्हणाले, "झालं ते झालं. संपलं. आता राग सोड, पोरी."

मायनं सकाळी धुणं धुतलं होतं. अंगणात दोरीवर कपडे होते आणि ऊन असं होतं की पत्र्यावर टाकलेल्या कुरडया तासाभरात कडक झाल्या. आबांनी खुर्चीतूनच हाक मारली, "शालू, माझी बंडी आण बरं. ही अंगावरली भिजली घामानं."

माय दोरीपाशी गेली. बंडीला हात लावला आणि थबकली. बंडीच्या खालच्या कडेनं थेंब थेंब पाणी गळत होतं. खाली मातीत ओला खळगा पडला होता. तिनं ती काढून पिळली, चांगली दोन्ही हातांनी पीळ देऊन, आणि पुन्हा दोरीवर टाकली. आम्ही दोघी बघत राहिलो. थेंब पुन्हा गळायला लागले.

"काहून गं?" आबा म्हणाले. "वाळली न्हाई का अजून?"

मायनं माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं असेल.

तिनं हात लांब करून त्या दोरीवरचं आपलं लुगडं काढून घेतलं, आणि लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बाजेवर पसरलं.